वेळापत्रकातली वेस

१

मराठी वाहिन्यांविषयी गेली काही वर्षे एक तक्रार सातत्याने केली जाते. या वाहिन्या परभाषेतल्या मालिका उचलून आणतात, त्यांना मोक्याची वेळ देतात, त्यांच्या जाहिरातींनी रस्त्यावरचे फलक भरतात आणि मराठी मातीतली कथा मागे पडते, अशी ती तक्रार आहे. ती खोटी नाही. परंतु ‘मराठी माती’ म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची जबाबदारी तक्रार करणारा वर्ग कधी घेत नाही. त्याच्या मातीत वाडा असतो, तुळशीवृंदावन असते, गणपती असतो, पाटलाची बैठक असते. बौद्धवाडा नसतो, मातंग वस्ती नसते, ऊसतोड कामगाराची कोपी नसते. तेव्हा ‘आपले’ आणि ‘परके’ या दोन शब्दांवर चाललेला हा वाद आपण जसाच्या तसा पत्करावा काय, हा पहिला प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या बाजूने करावा, असे मला वाटते. वाहिनीचे वेळापत्रक मुंबईच्या कार्यालयात ठरते. ते जिथे जाऊन पोहोचते त्या टोकाला घोडनदीकाठचे शिरूर आहे, भीमेकाठचे दौंड जंक्शन आहे, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती आहेत, उसाचे फड आहेत. या टोकाला उभे राहून पाहिले की आयात-स्थानिक हा भेद फसवा वाटू लागतो आणि त्याच्या आड दडलेला दुसरा भेद स्पष्ट दिसतो.

२

आयातीचा इतिहास थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. १९९१ मध्ये स्टार वाहिन्या उपग्रहामार्गे आल्या, तेव्हा परका कार्यक्रम म्हणजे अमेरिकेचा कार्यक्रम, असा सरळ अर्थ होता. ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ आणि ‘सांता बार्बरा’ पाहून संस्कृती बुडाल्याची ओरड झाली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी वाहिनी सुरू झाली. पुढे तयार मालिका आणण्याऐवजी कार्यक्रमाचा साचा विकत आणण्याचा व्यवहार रुळला. २००० मधला ‘कौन बनेगा करोडपती’ हा ब्रिटिश साचा होता. २०१८ मध्ये मराठीत आलेल्या ‘बिग बॉस’चे मूळ हॉलंडमध्ये आहे.

मराठीत अल्फा मराठी १९९९ मध्ये, ई टीव्ही मराठी २००० मध्ये आणि स्टार प्रवाह २००८ मध्ये सुरू झाली. यानंतर आयातीचे स्वरूप बदलले. परका कार्यक्रम आता समुद्रापलीकडून येत नाही, तो कोलकात्याहून, चेन्नईहून, तिरुवनंतपुरमहून येतो. एकाच मालकाच्या अनेक भाषांत वाहिन्या असतात. एका भाषेत चाललेली कथा दुसऱ्या भाषेत नेली की कथेचा शोध घ्यावा लागत नाही, तिची परीक्षा आधीच झालेली असते आणि धोका कमी होतो. हा शुद्ध व्यापारी हिशेब आहे. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्स आणि डिस्ने यांच्या वाहिन्यांचे विलीनीकरण पूर्ण झाले आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी (पूर्वीची ई टीव्ही मराठी) या दोन स्पर्धक वाहिन्या एकाच छपराखाली आल्या. हिशेब आणखी सोपा झाला.

पण या व्यापाराला एक सामाजिक अट आहे, आणि तिचा उच्चार कोणी करीत नाही. कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत इतक्या सहज कशी जाते? स्टार जलसावर २०१९ मध्ये सुरू झालेली ‘श्रीमयी’ ही बंगाली मालिका पाहा. तिच्यातले घर सेनगुप्तांचे. मराठीत तीच कथा ‘आई कुठे काय करते’ झाली आणि घर देशमुखांचे झाले. हिंदीत २०२० मध्ये ‘अनुपमा’ झाली आणि घर शहांचे झाले. दक्षिणेच्या भाषांतही ती गेली. सेनगुप्ता, देशमुख, शहा! आडनाव बदलले, साडी नेसण्याची पद्धत बदलली, देव्हाऱ्यातला देव बदलला. घर बदलले नाही. देशभर हे घर एकच आहे. ते जात सांगत नाही, कारण त्याला जात सांगावी लागत नाही. प्रतिष्ठा आणि मालमत्ता त्याला जन्मतःच मिळालेली असते. या घराचे भाषांतर होते ते याच कारणाने. भाषा परकी असली तरी वर्ण ओळखीचा असतो.

या मालिकेत काहीच घेण्यासारखे नाही, असे मी म्हणणार नाही. संसारात राबून राबून स्वतःला हरवून बसलेल्या आणि नवऱ्याने फसवलेल्या स्त्रीची ती गोष्ट आहे. तिच्या दुःखाशी आपल्या वस्तीतल्या बायाही समरस झाल्या असतील, तर त्यात वावगे काही नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या बायांचे स्वतःचे दुःख सेनगुप्तांच्या किंवा देशमुखांच्या घरातूनच का सांगितले जावे? आपल्या घरातून ते सांगितले तर ते कोलकात्याला आणि चेन्नईला कळणार नाही, असे कोणी ठरवले?

३

२०१९ आणि २०२० या दोन वर्षांत मराठीत तीन मालिका जवळजवळ शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

१८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेला, स्टार प्रवाहवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ सुरू झाली. २३ डिसेंबर २०१९ रोजी त्याच वाहिनीवर ‘आई कुठे काय करते’ सुरू झाली. ६ जानेवारी २०२० रोजी सोनी मराठीवर जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या जीवनावरील ‘सावित्रीजोती’ सुरू झाली. पहिली आणि तिसरी या इथल्या मातीतल्या. पुण्याच्या भिडेवाड्यातली शाळा, महाडचे तळे, नाशिकचे काळाराम मंदिर याहून अधिक स्थानिक मराठीत दुसरे काय असणार? मधली आयात केलेली. तिन्ही मालिकांना टाळेबंदीत चित्रीकरण थांबल्याचा फटका बसला.

आंबेडकरांवरील मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये संपली. ‘सावित्रीजोती’ डिसेंबर २०२० मध्ये, वर्ष पुरे होण्याच्या आत, बंद झाली. प्रेक्षकसंख्येच्या कारणाने ती थांबवली जात असल्याची खंत मालिकेच्या संशोधनाशी संबंधित असलेल्या प्रा. हरी नरके यांनी तेव्हा जाहीरपणे मांडली होती. ३ जानेवारीच्या सावित्रीबाईंच्या जयंतीपर्यंतही ती टिकली नाही. ‘आई कुठे काय करते’ मात्र नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांना थोडीच कमी, चालली.

यावरून ‘परक्याला खाट आणि घरच्याला वाट’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो अपुरा आहे. बाबासाहेबांवरील मालिकेला त्याच वाहिनीने मुख्य वेळ दिली होती, तिची जाहिरातही केली होती, तिचे शीर्षकगीत जयंतीच्या मिरवणुकांत वाजले, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय चरित्राला शेवट असतो. महापरिनिर्वाणाचा दिवस आला की मालिका संपणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. आपण ज्याचा विचार केला पाहिजे ते इथेच आहे.

वाहिनीच्या वेळापत्रकात दोन जातींच्या मालिका असतात. एक संपणारी आणि दुसरी न संपणारी. संपणारी मालिका महापुरुषाची असते. तिचा प्रारंभ जयंतीला किंवा पौर्णिमेला होतो, तिच्याभोवती आदराचे वातावरण असते, ती पाहणे हे कर्तव्य मानले जाते. न संपणारी मालिका घराची असते. तिच्यात लग्ने होतात, बाळंतपणे होतात, भांडणे होतात, सून घरात येते, सासू आजारी पडते आणि उद्या पुन्हा तीच वेळ, तेच घर. प्रेक्षकाची सवय हीच मालिका घडवते. जेवण कसे वाढावे, लग्न कसे करावे, कोणता सण साजरा करावा, कोणाशी नाते जोडावे, हे ही मालिका रोज शिकवते.

प्रस्थापित वर्गाला इतिहासही मिळतो आणि संसारही मिळतो. त्याचे राजे पडद्यावर येतात आणि त्याच्या मावश्याही येतात. आपल्याला इतिहास मिळतो, तोही अधूनमधून. संसार मिळत नाही. महामानवाला दार उघडते, त्याच्या माणसांना उघडत नाही. ज्या दिवशी दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या एखाद्या बौद्ध गँगमनच्या घरातली सासू, तिची नोकरी शोधणारी सून आणि स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालेला मुलगा साडेसात वाजता रोज दिसू लागतील, त्या दिवशी मराठी वाहिनी स्थानिक झाली असे म्हणता येईल. तोपर्यंत ‘स्थानिक’ हा शब्द फक्त भाषेपुरता खरा आहे.

जातीच्या प्रश्नाला वळसा घालण्याची एक रीत ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेत दिसली. ऑक्टोबर २०१९ मध्ये स्टार प्रवाहवरच सुरू झालेली ही मालिका सावळ्या मुलीच्या अवहेलनेची होती आणि तिचे मूळ ‘करुथमुत्तु’ या मल्याळी मालिकेत होते. नायिकेच्या भूमिकेसाठी गोऱ्या अभिनेत्रीला रंग लावून सावळे केले गेले. रंगाचा अपमान दाखवायचा, पण या देशात रंगाच्या तिरस्काराला जातीने किती खतपाणी घातले त्याचा उच्चार टाळायचा आणि सावळी मुलगीसुद्धा सावळ्या मुलींतून घ्यायची नाही, असा हा प्रकार होता. दुःख आपले आणि चेहरा मात्र त्यांचा!

४

वाहिन्यांचे उत्तर ठरलेले असते. प्रेक्षकाला जे हवे तेच आम्ही देतो, आकडे पाहा, असे त्या म्हणतात. मग आकडेच पाहू.

प्रेक्षकसंख्या मोजण्याचे काम २०१५ पासून बार्क ही संस्था करते. तिच्या आधीच्या मोजणीत यंत्रे शहरांत बसवलेली असत. खेड्यातल्या घरांचा हिशेब धरलेले आकडे ऑक्टोबर २०१५ पासून येऊ लागले. म्हणजे खासगी वाहिन्यांच्या पहिल्या दोन दशकांत, मालिकेचा साचा घडत असताना, वरवंड, पाटस, न्हावरे, पाबळ इथल्या घरांनी काय पाहिले याला कोणत्याच हिशेबात स्थान नव्हते. मराठी मालिकेतले घर कसे असावे हे खेड्याला न विचारता ठरून गेले.

नंतर खेडे मोजले जाऊ लागले, पण कोणत्या मापाने? २०२० च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरे वीस कोटींच्या वर होती आणि यंत्रे बसवलेली घरे चव्वेचाळीस हजारांच्या आसपास. या घरांची प्रतवारी करण्यासाठी २०११ मध्ये ठरवलेली एक पद्धत वापरली गेली. तिच्यात दोन गोष्टी पाहतात : घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. या अकरांत वीज, पंखा, गॅस, दुचाकी, टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलन यंत्र आहे आणि अकरावी वस्तू आहे शेतजमीन.

शेतजमीन! ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जमिनीपासून दूर ठेवले, ज्याच्या वाट्याला वतनाचा तुकडा आला तोही अनेकदा दुसऱ्याच्या ताब्यात गेला, ज्याच्या भूमिहीनांनी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करून तुरुंग भरले, त्या समाजाचे घर प्रेक्षक म्हणूनही खालच्या प्रतीत ढकलण्याची सोय या मापात आहे. ही पद्धत कोणी जातिद्वेषाने आखली, असा माझा आरोप नाही. जाहिरातदाराला विकत घेण्याची ऐपत मोजायची असते. पण या समाजात ऐपत मोजली की जात आपोआप मोजली जाते. वरच्या प्रतीच्या घरासाठी जाहिरातदार अधिक दर देतो, आणि ज्या मालिकेला अधिक दर, तिला चांगली वेळ. भूमिहीनाचे घर टीव्हीसमोर बसलेले असते, पण बाजारात त्याचे वजन कमी भरते.

५

वेळेचाही विचार केला पाहिजे. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा ही मुख्य वेळ म्हणून सांगितली जाते. ही कोणाची संध्याकाळ आहे? रांजणगावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेलेला कंत्राटी कामगार या वेळी यंत्रापाशी असतो. दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्याची ड्यूटी गाड्यांच्या वेळापत्रकाने चालते, मालिकांच्या नव्हे. शेतावरून परतलेली मजूर बाई सात वाजता चुलीपाशी असते. हंगामात मराठवाड्यातून आणि नगर भागातून या पट्ट्यात उतरणारा ऊसतोड कामगार पहाटे फडात जायचे म्हणून लवकर पाठ टेकतो, आणि त्याच्या कोपीत अनेकदा विजेची जोडणीच नसते. यांच्यासाठी दुपारी किंवा उशिरा रात्री पुनःप्रक्षेपण असते, म्हणजे उष्टे ताट. आता हातात मोबाइल आला आहे आणि कोणीही केव्हाही पाहू शकतो, असे म्हटले जाते. ते खरे असले तरी मालिका जगणार की मरणार हे ठरवणारी मोजणी संध्याकाळच्या ताटाचीच होते.

वेळेइतकीच जाहिरात महत्त्वाची आहे. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटे जाहिरातींची मर्यादा आहे. त्यात दहा मिनिटे व्यापारी जाहिराती आणि दोन मिनिटे वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची जाहिरात. ही दोन मिनिटे म्हणजे वाहिनीची खरी जमीन आहे. तिचा तुकडा कोणत्या मालिकेला किती मिळतो त्यावरून वाहिनीला काय जगवायचे आहे ते समजते. त्यात रविवारचे तास-दोन तासांचे विशेष भाग, दोन मालिकांचे एकत्र ‘महासंगम’, पुरस्कारांचे सोहळे यांची भर घाला. दोन चालत्या मालिकांच्या मधली जागा मिळालेली मालिका शेजारणींच्या आधाराने उभी राहते. रात्री उशिराच्या कोपऱ्यात सरकवलेली मालिका आधी सवयीतून जाते, मग आकड्यातून जाते आणि नंतर ‘प्रतिसाद नव्हता’ असे सांगून तिला निरोप दिला जातो. आधी पाणी तोडायचे आणि मग पीक वाळले म्हणून शेतकऱ्याला दोष द्यायचा, असा हा न्याय आहे.

६

पडद्यावरच्या ‘स्थानिकते’ची ताकद किती, याचा पुरावा शिरूरनेच दिला आहे. झी मराठीवर सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका चालली. तिचे नायक डॉ. अमोल कोल्हे मे २०१९ मध्ये, मालिका चालू असतानाच, शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले. निवडणूक केवळ मालिकेने जिंकली जात नाही, पक्ष असतो, संघटना असते. परंतु घराघरात रोज रात्री येणाऱ्या चेहऱ्याचे सामर्थ्य कोणी नाकारू शकणार नाही.

ज्या संभाजी महाराजांची ती मालिका होती त्यांची समाधी वढू बुद्रुकला, याच शिरूर तालुक्यात आहे. तिथेच गोविंद गोपाळ यांची समाधी आहे. महाराजांच्या अंत्यसंस्काराशी त्यांचे नाव जोडणारी महार समाजाची परंपरा आहे. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढूत त्या समाधीच्या फलकावरून तणाव झाला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी पेरणेच्या जयस्तंभाकडे निघालेल्या लोकांवर कोरेगाव भीमा आणि सणसवाडी परिसरात हल्ले झाले. स्थानिक इतिहास कोणाचा, हा प्रश्न या तालुक्यात करमणुकीचा नाही, रक्ताचा आहे. ज्याच्या हाती रोजचा एक तास आहे त्याच्या हाती आठवणीची घडण आहे. म्हणूनच वेळापत्रकाकडे दुर्लक्ष करणे चळवळीला परवडणारे नाही.

७

आता उलट बाजूचे एक उदाहरण. कर्नाटकात परभाषेतील कार्यक्रम कन्नडमध्ये डब करण्यास अनेक दशके अघोषित बंदी होती. भाषेचे रक्षण हे तिचे कारण सांगितले जाई. बंगालमध्येही २०११ मध्ये ‘महाभारत’ मालिका बंगालीत डब करून दाखवण्यास तिथल्या कलावंत-तंत्रज्ञांच्या संघटनांनी विरोध केला होता. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च २०१७ मध्ये निकाल संघटनांच्या विरोधात लागला. कलावंत आणि कामगार यांच्या रोजगाराची त्यामागची भीती खरी होती, तिची चेष्टा करू नये. पण पुढे कर्नाटकात काय झाले ते पाहावे.

२०२० च्या टाळेबंदीत चित्रीकरण बंद पडले आणि डबिंगला वाट मिळाली. अँड टीव्हीवर डिसेंबर २०१९ पासून चालू असलेली ‘एक महानायक : डॉ. बी. आर. आंबेडकर’ ही हिंदी मालिका ‘महानायक’ या नावाने झी कन्नडवर शनिवार-रविवारी दाखवली जाऊ लागली. ती सर्वार्थाने आयात केलेली मालिका होती. वाहिनीच्या प्रमुखांना ती बंद करण्यासाठी धमक्या आल्या. तेव्हा कर्नाटकातल्या खेड्यांतून दलित वस्त्यांनी स्वतःच्या खर्चाने मालिकेचे फलक उभारले. वाहिनीने जाहिरात करण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. डब केलेली, परभाषेतली, आठवड्यातून दोनच दिवस येणारी ही मालिका त्यांच्यासाठी गावातल्या कोणत्याही कार्यक्रमापेक्षा अधिक आपली होती.

त्याआधीचेही उदाहरण आहे. १९८८ मध्ये दूरदर्शनवरील ‘रामायण’ संपत आले तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकी आणि लव-कुशाची कथा दाखवावी, ही त्यांची मागणी होती, आणि पुढचे भाग निघाले. त्यांनी मागितलेली जागा रामायणात होती. आपण ती जागा मागणार नाही. पण वेळापत्रक हे आकाशातून पडत नाही, ते बदलता येते, हे झाडू खाली ठेवणाऱ्या त्या हातांनी देशाला दाखवून दिले, याची नोंद आपण घेतली पाहिजे.

८

तेव्हा आपली भूमिका काय असावी? ‘परक्या मालिका बंद करा’ ही घोषणा आपली नाही. ती घोषणा ज्यांची आहे त्यांना स्वतःच्या घराची मक्तेदारी हवी आहे. आपली मागणी अशी असली पाहिजे की रोजच्या, न संपणाऱ्या मालिकेत आपले घर आले पाहिजे, मुख्य वेळेत आले पाहिजे, आणि ते लिहिणारे हात आपले असले पाहिजेत. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला ते घर चार दशकांपूर्वीच दाखवले आहे. कथा नाही, असे कोणी म्हणू शकत नाही.

चळवळीनेही एक गोष्ट मनावर घ्यावी. महापुरुषाच्या मालिकेत चूक झाली की आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. ते योग्यच आहे. परंतु आपल्या घराच्या अनुपस्थितीबद्दल आजवर किती निवेदने दिली? अपमान दिसतो म्हणून त्यावर बोलता येते. अभाव दिसत नाही, तो मोजून दाखवावा लागतो.

आणि मोजणे अवघड नाही. शिरूरच्या बोरा महाविद्यालयातल्या आणि दौंडच्या कटारिया महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी एक महिना एक वही ठेवावी. रोज सात ते साडेदहा या वेळात प्रमुख मराठी वाहिन्यांवर कोणत्या मालिका आल्या, मूळ कोणत्या भाषेतल्या, त्यांतल्या घरांची आडनावे काय, कामाला येणाऱ्या बाईला आडनाव आहे की नुसते नाव, वाहिनीने स्वतःच्या कोणत्या मालिकेची किती सेकंद जाहिरात केली, एवढेच लिहावे. शिक्षकांनी त्यांना मदत करावी. बुद्धविहारात बसून त्या वहीचे वाचन व्हावे. ती वाहिन्यांना पाठवावी, बार्कला पाठवावी, माहिती व प्रसारण मंत्रालयाला पाठवावी आणि दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीलाही पाठवावी, कारण ती लोकांच्या पैशावर चालते आणि तिच्यावरचा आपला हक्क जाहिरातदाराच्या दरावर अवलंबून नाही.

मोजणारे आजवर ते होते आणि मोजले न जाणारे आपण होतो. वही आपल्या हाती आली की हे नाते बदलू लागेल. गावाची वेस ओलांडायला आपल्या माणसांना पिढ्या लागल्या. वेळापत्रकातली वेस विजेच्या खांबांवरून आणि छतावरच्या तबकड्यांतून येते म्हणून ती दिसत नाही. पण ती आहे, आणि तिचे मोजमाप घेतल्याशिवाय ती ओलांडता येणार नाही.